झेड-इमेज टर्बो: स्पीड भारी, पण सीड बदलून काही होत नाही

सध्या घरच्या पीसीवर कम्फीयूआयमधे (एआय चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) झेड-इमेज टर्बो हे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र काढणारं एआय मॉडेलच चालू असतं, आणि आधीच सांगतो, फुकटात इतक्या झटपट इतकं खरं वाटणारं चित्र देणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. अलीबाबा या चिनी कंपनीच्या तोंगयी या एआय टीमने नोव्हेंबर २०२५ मधे सोडलं, फक्त ६ अब्ज पॅरामीटर (मॉडेलचा आकार यावर मोजतात), लायसन अपाची २.० त्यामुळे धंद्यासाठी वापरायलाही मोकळीक. त्याच आठवड्यात फ्लक्स २ डेव्ह हे दुसरं चित्रांचं मॉडेल आलं ते ३२ अब्जाचं, साध्या ग्राफिक्स कार्डाचा घामच काढणार. झेड-इमेज टर्बो १६ जीबी व्हीरॅममधे (कार्डाच्या मेमरीत) आरामात बसतं, त्याहून लहान कार्ड असेल तर एफपी८ नाहीतर जीजीयूएफ फाईल (त्याच मॉडेलची दाबून लहान केलेली आवृत्ती) घ्या.

त्वचा बघाल तर खुश व्हाल. रोमछिद्रं, डोळ्याखालची सूज, कपाळावरची चकाकी सगळं येतं, फ्लक्सवाल्यांना तो प्लास्टिकसारखा एआय लुक घालवायला २०२५ मधे क्रिया या कंपनीबरोबर वेगळं मॉडेल काढावं लागलं होतं आणि इथे ते पहिल्या फटक्यात मिळतं.

आता खरी गोम. सीड म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तो बदलला की त्याच वर्णनाचं वेगळं चित्र यायला हवं. इथे सीड बदला, परत बदला, बाई तीच, मान तशीच वळलेली, फारतर मागची भिंत बदलते. हे काही बिघडलेलं नाहीये, बनवणाऱ्यांनी स्वतःच्याच तक्त्यात लिहिलंय, क्वालिटी व्हेरी हाय आणि डायव्हर्सिटी (वैविध्य) लो. मूळ झेड-इमेज मॉडेल एका चित्राला ५० स्टेप्स (गोंगाटातून चित्र साफ करत आणायच्या फेऱ्या) घेतं, त्याचंच काम ८ मधे उरकायला याला शिकवलंय आणि वर रीइन्फोर्समेंट लर्निंगने (चांगल्या चित्राला बक्षीस देऊन शिकवणं) घासून पुसून घेतलंय, मग एकदा चांगलं उत्तर सापडलं की हे तिथंच ठाण मांडून बसतं. म्हणून स्टेप्स ३० करून बघणाऱ्यांनो, वीजबिल वाढेल बाकी काही नाही. निगेटिव्ह प्रॉम्प्टमधे (चित्रात काय नको त्याची यादी) पानभर लिहिणाऱ्यांचंही तेच, सीएफजी (प्रॉम्प्ट किती कडक पाळायचं ते ठरवणारं सेटिंग) यात बंद असतं आणि ते बंद असल्यावर ते वाचलंच जात नाही, जे हवंय ते सरळ वरच्या मुख्य प्रॉम्प्टच्या डब्यात लिहायचं.

आणि भरपूर लिहायचं! टेक्स्ट एन्कोडर (प्रॉम्प्ट वाचून समजून घेणारा भाग) अलीबाबाच्याच क्वेन३ या भाषा मॉडेलचा आहे, त्याला कॉमा कॉमा टाकलेले शब्द नकोत, नीट वाक्यं हवीत. नुसतं ‘कोळीण, मासळी बाजार’ लिहू नका. पन्नाशीची, रुंद चेहऱ्याची, पुढचा एक दात किंचित तुटलेला, काष्टा मारून नेसलेलं हिरवं लुगडं, हातात बर्फाचा चुरा लागलेली सुरमई, डावीकडून सकाळचं ऊन, ओली फरशी, जुन्या मोबाईलवर काढल्यासारखा फोटो, असं सगळं लिहा (इंग्रजीतच, मराठीच्या भानगडीत पडू नका). वय, चेहऱ्याचा आकार, कॅमेरा कुठे आहे या तीन गोष्टी बदलल्या की चेहरा बदलतो. तरी अडलंच तर कुठलाही कच्चा फोटो इमेज-टू-इमेजला (फोटोवरून नवीन चित्र) द्या, डिनॉइझ (मूळ फोटो किती बदलायचा तो आकडा) ०.७ च्या आसपास, मांडणी त्याची आणि बाकी याचं. मग मोठं करताना दीडपट अपस्केल करून डिनॉइझ ०.३ ने परत एक फेरी मारली की कापडाची वीण, केस वगैरे सुटे दिसायला लागतात, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथंच पडतो.

लोरा (मॉडेलला ठराविक चेहरा किंवा शैली शिकवणारी छोटी जोड-फाईल) ट्रेन करणार असाल तर जरा दमानं. थेट टर्बोवर ट्रेनिंग लांबवलं की तो ८ स्टेप्सचा गुण मरतो आणि चित्रं धुरकट यायला लागतात, त्यासाठी एआय टूलकिट या ट्रेनिंगच्या सॉफ्टवेअरमधे ट्रेनिंग अडॅप्टर (हा गुण जपणारी तात्पुरती जोड) आहे तो लावूनच करा, ट्रेनिंग झाल्यावर काढून टाकायचा.

चित्रातली अक्षरं इंग्रजी आणि चिनी नीट येतात, दावाही तेवढाच आहे. देवनागरीची अपेक्षा ठेवू नका, शुभेच्छांच्या बॅनरवरचा मजकूर आपला फोटोशॉपमधेच टाका. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो त्या सारख्या चेहऱ्यांसाठी.