खोक्यावर ४.२, टेबलावर ०.३९: २१ महिन्यांनंतर

२०२२च्या दिवाळीत घेतलेला लॅपटॉप. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक नक्की कोणाची यावर आमच्या घरातच अजून एकमत नाही. इंटेलचा आय-फाइव्ह ११३५जी७ प्रोसेसर, ८ जीबी रॅम (पुढे मी १६ करून घेतली), ५१२ची एसएसडी. बाकीचं थोडक्यात. कीबोर्ड उत्तम. स्क्रीन गॅलरीतल्या उजेडात दिसत नाही. स्पीकर असून नसल्यासारखा. दीड वर्ष मी या मशीनचं येईल त्याच्यापाशी कौतुक करत होतो.

मग २०२४चा जुलै उजाडला. माझं काम लोकांची रिटर्न्स भरण्याचं, म्हणजे जुलै हा तेव्हा आमचा सीझन. ३१ तारखेच्या आत लालबाग-परळमधले निम्मे दुकानदार आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन जायचे. आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप मेल्यासारखा झाला. एक्सेलमध्ये आकडा टाइप करावा, चहाचा घोट घ्यावा, मग तो आकडा उमटणार. कर खात्याची वेबसाइट उघडेपर्यंत ओटीपीची मुदत संपायची. समोर बसलेला माणूस आधी घड्याळाकडे बघायचा, मग माझ्याकडे.

मशीनवर किती ताण आहे ते दाखवणारा विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू म्हणजे प्रोसेसर १०० टक्के, आणि खाली स्पीड ०.३९ गिगाहर्ट्झ. बेस स्पीड, म्हणजे नेहमीचा वेग, म्हणून शेजारीच २.४२ लिहिलेलं. खोक्यावर तर ४.२ होतं. आता ते ४.२ म्हणजे दादरच्या सेलमधल्या ‘५०% पर्यंत सूट’मधला ‘पर्यंत’ असतो, हे मलाही कळतं. प्रोसेसरचा एखादा भाग (कोअर), थोडा वेळ, गरम झाला नाही तर. पण २.४च्या जागी ०.३९? यंत्रमागाचा हातमाग करून ठेवला म्हणायचं.

पहिला संशय उकाड्यावर. मुंबईचा जुलै, वर पत्र्याचं छप्पर, तेव्हा प्रोसेसर तापून हळू झाला असणार. ८९९ रुपयांचा कूलिंग पॅड मागवला. काही नाही. गल्लीतल्या एकाकडून पंखा साफ करून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी नवी थर्मल पेस्ट लावून घेतली, ८०० रुपये. तरी ०.३९. मग कुठे अक्कल आली आणि एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्रॅम टाकून तापमान बघितलं, तर ४६ अंश. हा प्रोसेसर शंभरच्या आसपास गेल्यावर स्वतःला आवरतो. ४६ला तो गारठलेला म्हणायचा. जे फुकटात मोजता आलं असतं त्यावर मी आधीच १,६९९ रुपये घालवून बसलो होतो.

विंडोजच्या पॉवर प्लॅनमधला मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट, म्हणजे प्रोसेसरला घातलेली वरची मर्यादा, बघितला. तो ९९ केला तरी टर्बो (बेसच्या वरचा वेग) बंद होतो, म्हणून तिथे आशा होती. पण तो १००च होता. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं. विंडोज रिसेट करायचं धाडस भर सीझनमध्ये झालं नाही, आणि नाही झालं तेच बरं.

मग कंपनीचं सर्व्हिस सेंटर. वॉरंटी २०२३च्या दिवाळीतच संपलेली. नुसतं बघण्याचे ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, ५९० रुपये. काउंटरवरच्या मुलाने माझाच चार्जर माझ्याच लॅपटॉपला लावला, दहा मिनिटं आत नेऊन आणला आणि म्हणाला, “सर, चार्जिंग सेक्शन गेलंय. बॅटरीपण घेत नाहीये. मदरबोर्ड चेंज.” कोटेशन २१,५०० अधिक जीएसटी, म्हणजे २५,३७०. बॅटरी गेले काही दिवस ४१ टक्क्यांवर थबकली होती खरी. मी समजलो होतो की ती म्हातारी झाली, म्हणून पिन कधी काढतच नव्हतो. त्या रात्री मी या लॅपटॉपला एक तारा देणारा मजकूर लिहून तयार ठेवला होता. शिव्या गाळल्या तर चार ओळी उरल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, “अहो, वाटण करायचंय. तुमची ती पिन काढा जरा.” आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी एकच पॉइंट धड चालतो आणि मी त्याच्याच आशेने तिथे बसतो. मी म्हटलं, “अगं, काढली तर बॅटरी संपेल, चार्ज होत नाहीये.” ती म्हणाली, “दोन मिनिटांत जग बुडत नाही.” काढली. खोबऱ्याचा पहिला घरघराट झाला आणि इकडे अडकलेली एक्सेल फाइल खाडकन उघडली. टास्क मॅनेजर चालूच होता. ३.१. मिक्सर थांबला, पिन परत लावली. ०.३९. काढली, ३.२. लावली, ०.३९. सहा वेळा केलं. बायको म्हणाली, “खेळ झाला असेल तर कोथिंबीर निवडा.”

बॅटरीवर पळतो आणि चार्जरवर रांगतो म्हणजे प्रोसेसर धड आहे. मग चार्जरचं काय? तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजकन्येकडे याच कंपनीचा लॅपटॉप आहे. तिचा चार्जर पाच मिनिटं मागून आणला. स्पीड ३.३, आणि बॅटरी ४१ची ४२ झाली. पंचवीस हजारांचा मदरबोर्ड!

आता माझ्या चार्जरची गोष्ट सांगायला हवी, इतका वेळ टाळत होतो. मूळ चार्जर मी डिसेंबर २०२३मध्ये लोकलच्या रॅकवर विसरलो. ओरिजिनल २,०००च्या वर सांगत होते, म्हणून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ‘सेम टू सेम’ ६५० रुपयांना आणला. सात महिने त्याने बिनतक्रार काम केलं, म्हणून त्याच्यावर संशयच गेला नाही. दिवाही लागत होता.

तोच चार्जर घेऊन परत लॅमिंग्टन रोडला गेलो, वेगळ्या दुकानात. तिथल्या कारागिराने मल्टिमीटर लावला. १९.५ व्होल्ट, बरोब्बर. मग त्याने गोल पिनेच्या मधली केसाएवढी सुई दाखवली. “पावर येतोय साहेब, आयडी येत नाही. आतली बारीक वायर तुटली असणार.” या पिनेतून चार्जर लॅपटॉपला सांगतो की मी इतक्या वॉटचा आहे. ते ऐकू आलं नाही तर लॅपटॉप घाबरतो: न जाणो, हा फुसका असेल, जास्त ओढलं तर जळायचा. म्हणून बॅटरी चार्ज करणं बंद, आणि प्रोसेसरला बाहेरून ‘तापलाय’ असा खोटा इशारा. त्या इशाऱ्याचं नाव बीडी प्रॉकहॉट. तापमान ४६ आणि तरी वेग तळाला असेल तर हा इशारा तपासा, चार्जर लावून आणि काढून. पेस्टवर पैसे घालवायच्या आधी.

थ्रॉटलस्टॉप नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये बीडी प्रॉकहॉटची खूण काढता येते. मी काढून बघितली, वेग लगेच आला. पण रीस्टार्ट केलं की आजार परत, बॅटरी तशीच उपाशी, आणि ६५० रुपयांच्या चार्जरकडून पूर्ण ताकद ओढायची म्हणजे लॅपटॉपची भीती खरी ठरवायची. दोन दिवसांत सोडून दिलं. ओरिजिनल घेतला, २,३६० रुपये बिलासकट.

इथे एक कबुली. लॅपटॉप सुरू होताना जूनअखेरपासून काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची, चार्जर ओळखता येत नाही अशा अर्थाची. प्रत्येक वेळी बटण दाबावं लागायचं, म्हणून बायोसमध्ये जाऊन तो इशारा मीच बंद केला होता. बिचारं मशीन सांगत होतं. तरी कंपनीला माझा प्रश्न आहेच: ती ओळ विंडोजमध्ये, डोळ्यांसमोर का दाखवत नाही? आणि काउंटरवरच्या मुलाच्या हाताशी चार ओरिजिनल चार्जर लटकत होते. त्यातला एक लावून बघायला किती वेळ लागला असता? लॅपटॉपला चार तारे, सर्व्हिस सेंटरला अर्धा, तोही एसीसाठी.

३१ जुलैची रिटर्न्स वेळेत गेली. बॅटरी आता चार तास टिकते, म्हातारी वगैरे काही झालेली नाही. नव्या चार्जरवर नेलपॉलिशने खूण करून ठेवली आहे आणि तो लोकलमध्ये येत नाही. कूलिंग पॅडवर मुलाचे शाळेचे ओले बूट वाळत ठेवतो, सकाळपर्यंत कोरडे होतात. त्याला पाच तारे.