डॅशबोर्डची खडखड: स्वतः शोधावी की गॅरेजवर सोपवावी?

गॅरेजच्या दारात गाडी नेऊन उभी केली की डॅशबोर्डची खडखड हटकून बंद होते, आणि दुरुस्ती स्वतः करावी की मेकॅनिककडे द्यावी या प्रश्नाचे निम्मे उत्तर या अनुभवातच आहे. मालक तो आवाज रोज ऐकत असतो, तर मेकॅनिकच्या वाट्याला दहा मिनिटांची चक्कर येते. म्हणून आवाजाचे ठिकाण शोधणे आणि तिथवर पोहोचण्यासाठी गाडी उघडणे ही दोन कामे मी वेगळी धरतो. पहिल्यात मालक सरस ठरतो, दुसऱ्यात बहुतेक वेळा गॅरेज.

शोधाचा खर्च जवळजवळ शून्य आहे, मात्र त्याला चिकाटी लागते. प्रथम ग्लोव्ह बॉक्स, कप होल्डर आणि दारांचे कप्पे पूर्ण रिकामे करावेत. सुटी नाणी आणि चष्म्याची डबी यांनी भल्याभल्यांना फसवले आहे. टायरमधील हवा कंपनीने सांगितल्याइतकीच आहे ना, हेही पाहावे, कारण कडक सस्पेन्शन आणि कमी उंचीच्या टायरांमुळे स्पोर्ट्स कारमध्ये रस्त्याचा प्रत्येक धक्का आधीच थेट आत पोहोचतो. त्यानंतर आवाजाची जात ओळखावी. दोन कठीण वस्तू एकमेकींवर आपटल्या तर खडखड होते, आणि दोन पृष्ठभाग चिकटत-सुटत घासले गेले तर करकर होते. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस दिल्यावर ठरावीक आरपीएमलाच (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना) आवाज येत असेल, तर त्याचे मूळ इंजिनच्या कंपनात आहे. केवळ खराब रस्त्यावर येत असेल, तर एखादी क्लिप, स्क्रू किंवा सांधा ढिला असण्याची शक्यता अधिक. गाडी चालत असताना डॅशबोर्ड दाबून पाहण्याचे काम मात्र शेजारी बसलेल्याने करावे, चालवणाऱ्याने नव्हे.

माझ्या दोन आसनांच्या जुन्या गाडीत २१०० आरपीएमच्या आसपास बारीक झणझण येत असे. एका गॅरेजने ग्लोव्ह बॉक्सची बिजागरी बदलून दिली, दुसऱ्या खेपेला त्याच्या कडेला फोम लावून दिला, आणि आवाज होता तसाच राहिला. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेरीत दोनदा ज्वलन होते, म्हणजे २१०० आरपीएमला सेकंदाला ७० ठोके पडतात. एवढा हिशेब जमल्यावर मी इंजिन बंद ठेवून, केवळ गाडीच्या म्युझिक सिस्टिमवर ७० हर्ट्झचा सलग सूर वाजवला आणि उभ्या गाडीत तीच झणझण ऐकू आली. मग घाई नव्हती. कान लावत लावत रेडिओपर्यंत पोहोचलो. चौकट काढून रेडिओ पुढे ओढला, तेव्हा मागे एक न वापरलेला कनेक्टर लोंबकळत होता आणि तो जिथे आपटत होता तिथे धातूच्या पट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत डाग पडला होता. कनेक्टरला कापडी टेप गुंडाळून तो मूळ वायरिंगला बांधला आणि काम संपले. यात गॅरेजचा अडाणीपणा होता असे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे गाडी होती, पण आवाज नव्हता.

उघडण्याच्या कामात मात्र पारडे फिरते. रेडिओची चौकट, ए-पिलरचे (समोरच्या काचेच्या कडेच्या खांबाचे) आवरण किंवा ग्लोव्ह बॉक्स एवढ्यापुरते काम असेल, तर प्लॅस्टिकच्या उचकटण्या आणि थोडा संयम पुरतो; तरी ए-पिलरमध्ये कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर तेही आवरण स्वतः काढू नये. स्टीअरिंग, प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग किंवा संपूर्ण डॅशबोर्ड उतरवायचा असेल, तर माझे मत स्पष्टपणे गॅरेजच्या बाजूने आहे. बॅटरी काढल्यानंतरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ विद्युतभार टिकून राहतो, त्यामुळे मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबणे अनिवार्य असते. जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा उचकटताना तुटतात, त्या चांगल्या गॅरेजात हाताशी असतात. उणी बाजू अशी की मजुरी तासांवर आकारली जाते आणि पूर्ण उतरवलेला डॅशबोर्ड परत बसवताना एखादी क्लिप चुकली, तर जुन्या खडखडीच्या जागी नवी येते.

साहित्याच्या बाबतीत स्वस्त आणि महाग यांपेक्षा योग्य आणि अयोग्य हा फरक मोठा आहे. वायरिंगवर कापडी फ्लीस टेप आणि प्लॅस्टिकच्या कडांमध्ये पातळ फेल्ट हे माझे पहिले पर्याय आहेत. फोम पोकळी भरायला चांगला, परंतु जाड फोम कोंबला की पॅनेल नीट बसत नाही आणि क्लिपांवर ताण येतो. रबरी सीलच्या करकरीवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. घरोघरी असणारा गंज सोडवण्याचा स्प्रे येथे टाळावा. तो दोन दिवस आवाज दाबतो, धूळ ओढतो आणि काही प्रकारच्या रबराला अपायही करतो.

निर्णय घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे तापमान. डॅशबोर्डमधील एबीएस या कडक प्लॅस्टिकची एक मीटर लांबीची पट्टी ३० अंश सेल्सिअसने तापली की सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर वाढते, तर तिच्यामागची पोलादी आडवी दांडी अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. त्यामुळे सकाळी येणारा आणि उन्हात उभी राहिल्यावर नाहीसा होणारा आवाज बहुधा सांध्यातील फटीचा असतो. अशा आवाजासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवण्यास मी संमती देणार नाही. गॅरेजला गाडी देताना आरपीएम, वेग, रस्त्याचा प्रकार, दिवसाची वेळ आणि कुठे दाबल्यावर आवाज थांबतो हे कागदावर लिहून द्यावे, फोनवर ध्वनिमुद्रणही ठेवावे, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज ऐकवल्याखेरीज किल्ली हातात देऊ नये.