आरटीएक्स ४०९० की ५०९०?

एनव्हिडियाच्या या दोन ग्राफिक्स कार्डांपैकी कोणतं घ्यावं? एआयचं काम स्वतःच्या मशीनवर करायचं तर आधी कार्डाची मेमरी बघा. ४०९० मध्ये २४ जीबी, ५०९० मध्ये ३२. फरक किरकोळ वाटतो, पण ३२ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल ४ बिटमध्ये उतरवलं, म्हणजे प्रत्येक आकडा ४ बिटांत दाबून बसवला, तरी वीसेक जीबी तिथेच जातात. मग लांबलचक मजकूर द्यायला ४०९० वर जागा उरते ती थोडीच. मेमरीचा वेगही सेकंदाला १,००८ जीबीवरून १,७९२ वर गेलाय, त्यामुळे ५०९० वर उत्तरं भराभर येतात. ७० अब्जांचं मॉडेल मात्र ४ बिटमध्येही दोन्हींत पूर्ण मावत नाही.

गेमिंगचं म्हणाल, तर ४के साठी ४०९० आजही भरपूर आहे.

खरी काळजी कनेक्टरची, म्हणजे कार्डाला वीज देणाऱ्या केबलच्या जोडणीची. त्याची मर्यादा ६०० वॉट; ४०९० ला लागतात ४५०, ५०९० ला ५७५. १२ व्होल्टला ५७५ वॉट म्हणजे जवळपास ४८ अँपिअर, सहा तारांत प्रत्येकी ८. एका पिनचा संपर्क ढिला पडला की तिचा भार बाकीच्यांवर जातो आणि प्लास्टिक वितळू शकतं. २०२२ मध्ये ४०९० चेही कनेक्टर वितळले होते, पण तिथे तारेमागे सव्वासहा अँपिअरच येतात. रात्रभर ट्रेनिंग चालवणाऱ्याला ही मोकळीक फार मोलाची वाटते मला.

म्हणून मोठी मॉडेल्स रोज चालवणार असाल तरच ५०९० घ्या, सोबत १,००० वॉटचा चांगला पॉवर सप्लाय. केबल शेवटपर्यंत बसवा, तोंडाशीच वाकवू नका आणि पॉवर लिमिट (कार्ड जास्तीत जास्त किती वीज ओढेल ती मर्यादा) थोडी खाली ठेवा. बाकीच्यांनी निर्धास्त ४०९० घ्यावं.