युरेल पास: दोन आठवड्यांच्या युरोप दौऱ्यात नक्की कुठे उपयोगी पडतो

नियोजनाला लागलेले महिने आणि प्रत्यक्ष प्रवास, दोन्हीत वापरून झाल्यावर युरेल ग्लोबल पासबद्दल, म्हणजे युरोपबाहेर राहणाऱ्यांना युरोपातल्या बऱ्याच देशांच्या रेल्वेत ठरावीक दिवस फिरू देणाऱ्या एकाच तिकिटाबद्दल, मत पक्कं झालं आहे. स्वस्त पडेल म्हणून हा पास घेऊ नये. व्हिसाची खात्री नसेल, बारा वर्षांखालची मुलं बरोबर असतील किंवा हवामान बघून आदल्या रात्री बेत बदलायचा असेल, तर मात्र जरूर घ्यावा.

मार्ग धरू या पॅरिस ३ रात्री, लुझर्न ४, व्हेनिस २, व्हिएन्ना २, प्राग २. गाडी भाड्याने न घेता हा सगळा प्रवास आरामात होतो. विमानाचं तिकीट मात्र ‘मल्टी-सिटी’ काढायचं: मुंबई–पॅरिस आणि प्राग–मुंबई. पॅरिसहून परतायचं ठरवलं की शेवटचा अख्खा दिवस मागे जाण्यात जातो.

या मार्गात सर्वांत जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत, म्हणून शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज स्वित्झर्लंडकडे करायचा. विमान पॅरिसला उतरतं म्हणून फ्रान्सकडे नव्हे. दोन देशांत मुक्काम सारखाच असेल, तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघतात. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फी प्रौढांना ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आपल्याकडचे बहुतेक लोक मे महिन्याची सुट्टी धरून निघतात. रेल्वेची स्वस्त तिकिटं त्याआधी काही महिने विक्रीला येतात, आणि ती बहुधा परत होत नाहीत. त्या वेळी पासपोर्ट अजून व्हिसा केंद्रातच अडकलेला असतो. युरेलची खरी किंमत इथे कळते: साधा, सवलतीच्या योजनेत न घेतलेला पास सुरू केला नसेल तर १५ टक्के कापून पैसे परत मिळतात, आणि घेतल्यापासून ११ महिन्यांत कधीही सुरू करता येतो.

आता हिशेब. प्रौढाचा, दुसऱ्या वर्गाचा, एका महिन्यातल्या कोणत्याही ७ दिवसांचा पास साधारण ३८० युरोंना पडतो, म्हणजे दिवसाला ५४. ज्या दिवसाचं तिकीट वेळेवर काढून याहून स्वस्त मिळतं, त्या दिवशी पास वापरणं हे नुकसान. व्हिएन्ना–प्राग चार तासांचा प्रवास आहे आणि आधी काढलेलं तिकीट याच्या निम्म्याच्या आसपास मिळू शकतं. पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जाणाऱ्या टीजीव्ही लिरिया या वेगवान गाडीत तर पासचा दिवस जातोच, शिवाय सक्तीच्या आरक्षणाचे साधारण ३० युरो वेगळे. त्यातही पासधारकांसाठीच्या जागा मर्यादित असतात, त्या संपल्या की गाडीत सीट रिकामी दिसूनही उपयोग नाही. इटलीतल्या फ्रेचारोसा या वेगवान गाडीलाही दहा-तेरा युरोंचं आरक्षण लागतं. इटलीतलीच इतालो आणि फ्रान्समधली विगो या गाड्या पासवर चालतच नाहीत. फ्रान्स आणि इटलीत म्हणूनच सुटी तिकिटं घ्यावीत. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत देशांतर्गत बहुतेक गाड्यांत आरक्षणाची सक्ती नाही. समोर आलेल्या गाडीत चढायचं, एवढंच. पास तिथे शोभतो.

४ ते ११ वयाच्या मुलांचा पास मोफत असतो, एका प्रौढामागे दोन मुलं. पण तो ऑर्डर करतानाच जोडावा लागतो, आणि मुलांच्या आरक्षणाचे पैसे सुटत नाहीत. २७ वर्षांपर्यंतच्यांना २५ टक्के सूट, ६० च्या पुढे १० टक्के. पुण्याहून आई-बाबा आणि म्युनिकला नोकरी करणारी लेक असे एकत्र फिरणार असतील तर लेकीला युरेल चालत नाही, इंटररेल, म्हणजे युरोपात राहणाऱ्यांसाठीचा तसाच पास, घ्यावा लागतो. इथे पासपोर्ट नव्हे, राहण्याचा देश बघतात. शिवाय इंटररेलवर स्वतःच्या देशात बाहेर पडण्याचा एक आणि परतीचा एक, एवढेच प्रवास मिळतात.

युरेलचं रेल प्लॅनर ॲप चांगलं आहे, पण त्याचा क्रम समजून घ्यावा लागतो. आधी पास क्रमांक आणि आडनाव टाकून पास जोडायचा, मग ट्रिप तयार करून त्यात प्रवास घालायचे, आणि ज्या दिवशी जायचं त्या दिवशी त्या प्रवासाचं बटण चालू करून क्यूआर कोड दाखवायचा. बटण आदल्या आठवड्यातच चालू करून ठेवू नका, बेत बदलला तर विसरायला होतं. प्रवासाचा दिवस सुरू होण्याआधी तो पासमधून काढून टाकता येतो, नंतर नाही. तीन दिवसांतून एकदा तरी ॲपला इंटरनेट लागतं. ‘युरोप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक ई-सिममध्ये स्वित्झर्लंड नसतं, ते घेताना तपासा. तपासनीस पासपोर्टही मागतो, म्हणून तो बॅगेच्या तळाशी नको. ॲपमधलं वेळापत्रक हे ठरलेलं वेळापत्रक असतं. उशीर आणि प्लॅटफॉर्म यांसाठी जर्मन रेल्वेचं डीबी नेव्हिगेटर किंवा स्विस रेल्वेचं एसबीबी मोबाइल ही ॲपं बघायची.

रात्रीच्या गाडीला फक्त सुटण्याचा दिवस मोजला जातो, मध्यरात्रीनंतर गाडी बदलली नाही तर. व्हेनिस–व्हिएन्ना नाइटजेट त्यामुळे पासवर बरी पडते आणि हॉटेलची रात्रही वाचते. कुशेतचे, म्हणजे झोपायच्या बर्थचे, पैसे अर्थात वेगळे.

स्वित्झर्लंडमध्ये चार रात्री आणि दोन डोंगर, असा बेत असेल तर युरेल सरळ बाजूला ठेवा. लुझर्न–इंटरलाकेन गाडी त्यावर चालते, पण त्यापुढे युंगफ्राऊ शिखराच्या वाटेवर २५ टक्केच सूट. स्वित्झर्लंडपुरत्या स्विस ट्रॅव्हल पासवर ग्रिंडेलवाल्ड आणि वेंगेन या डोंगरातल्या गावांपर्यंतची गाडी, सरोवरातल्या बोटी, शहरातल्या बस-ट्राम आणि रिगीचा डोंगर हे सगळं येतं. सोळा वर्षांखालची मुलं फॅमिली कार्डावर आई-वडिलांबरोबर फुकट.

इटलीत उतरायचं तर आल्प्स ओलांडणाऱ्या बर्निना रेल्वेमार्गाने. स्वित्झर्लंडमधलं खूर ते इटलीतलं तिरानो साधारण सव्वाचार तास, सर्वोच्च स्थानक ओस्पिझियो बर्निना २,२५३ मीटरवर. काचेच्या छताच्या बर्निना एक्स्प्रेसला वेगळं सशुल्क आरक्षण लागतं. त्याच रुळांवरच्या साध्या गाडीला लागत नाही, आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, म्हणून फोटोंत काचेची चकाकी येत नाही. दक्षिणेकडे जाताना उजवीकडे बसावं, लागो बियांको हे सरोवर त्याच बाजूला येतं. तिरानोहून मिलानो अडीच तास. लुझर्न ते व्हेनिस एका दिवसात रेटू नका, जवळजवळ बारा तास होतात. मिलानोत एक रात्र काढा, त्यासाठी लुझर्नची एक कमी करावी लागली तरी. तसं केल्यास लुझर्न आणि पॅरिसच्या रात्री सारख्या होतात आणि व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडे जातो, म्हणून हा निर्णय अर्जाआधीच घ्यायचा.

मार्गात जर्मनी आलं तर गाडी बदलायला किमान ४० मिनिटं ठेवा. डॉइच बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर ‘वेळेवर’ धरून.

स्थानकांच्या नावांत बरेच जण फसतात. लिरिया पॅरिसच्या गार द लियोंहून सुटते, गार द लेस्टहून नाही. व्हेनिसच्या बेटावर जायचं तर सांता लुचिया, मेस्त्रे अलीकडे मुख्य भूमीवर आहे. मिलानोत चेंत्राले आणि पोर्ता गरिबाल्दी वेगवेगळी. तिकिटावरचं पूर्ण नाव वाचायचं. रोम, मिलानोच्या मेट्रोत बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. पॅरिसच्या मेट्रोत बँकेचं कार्ड चालत नाही, नाविगो ईझी हे तिथलं प्रवासकार्ड घ्यावं लागतं.

सामानाला रेल्वेत वजनकाटा नाही, पण बॅग स्वतःच उचलून डब्यात चढवायची असते आणि व्हेनिसमध्ये पुलांना पायऱ्या आहेत. माणशी एक मध्यम बॅग आणि एक पाठीवरची. त्यात तूप, पेढे, हापूस नकोत. दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत आणि आंब्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. रविवारी ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधली बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या स्थानकांतली सुपरमार्केटं मात्र उघडी असतात, दही-ब्रेड-फळं तिथेच मिळतात.