प्रोफिनेटमध्ये डिव्हाइस नेम कसं द्यायचं: लॅपटॉपने, कार्डाने की शेजाऱ्यावरून?

रात्रपाळीत आयओ स्टेशन (मशीनवरच्या सेन्सर वगैरेच्या वायरी जोडायचा डबा) उडालं, स्टोअरमधून नवीन आणलं, वायरी लावल्या, पॉवर दिली आणि तरी लाल दिवा लुकलुकतोच आहे, असं झालं की आधी बघायचं नव्या डब्याला नाव आहे का. प्रोफिनेट म्हणजे मशीनचा कंट्रोलर (पीएलसी) आणि बाकीची डिव्हाइस जोडणारं इंडस्ट्रियल इथरनेट, त्यात कंट्रोलर डिव्हाइसला नावाने हाक मारतो, ओ आली की मगच आयपी देतो. त्यामुळे नाव कोण देणार हे मशीन बनतानाच ठरवलेलं बरं.

लॅपटॉपने नाव देणं सगळ्यांना येतं. सीमेन्सचं पीएलसी प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर टीआयए पोर्टल किंवा त्यांचंच फुकटातलं प्रोनेटा उघडा, लेबलवरचा मॅक अॅड्रेस (डिव्हाइसचा कारखान्यातून आलेला नंबर) जुळवा, खात्री नसेल तर त्या डिव्हाइसचा दिवा लुकलुकवून बघा, मग नाव लिहा. नवीन माणूस इथे हमखास एका गोष्टीत फसतो, तो हार्डवेअर कॉन्फिगरेशन (प्रोजेक्टमधली डिव्हाइसची मांडणी) डाउनलोड करतो आणि त्याला वाटतं नावंही गेली, पण ते गेलं सीपीयूत, म्हणजे कंट्रोलरमध्ये, डिव्हाइसवर नाव वेगळंच लिहायला लागतं. आणि नावात अंडरस्कोर चालत नाही. प्रोजेक्टमध्ये तुम्ही पीएलसी अंडरस्कोर 1 लिहिलं तर टीआयए पोर्टल त्याचं रूपांतर करून पीएलसीएक्सबी1डी0ईडी असलं काहीतरी करून ठेवतो, मग दुसऱ्या टूलने नाव देताना हेच बदललेलं द्यायला लागतं. त्यापेक्षा पहिल्यापासून स्मॉल अक्षरं, आकडे आणि हायफन, बास. शिवाय हे सगळं डीसीपी नावाच्या प्रोटोकॉलवर चालतं आणि डीसीपी राउटर ओलांडत नाही, म्हणजे ऑफिसात बसून दुसऱ्या सबनेटमधल्या डब्याला नाव देता येत नाही, लॅपटॉप घेऊन लाइनवरच जायचं.

कार्डाचं काम सोपं. ज्या डिव्हाइसमध्ये नाव मेमरी कार्डावर राहतं, जसं सीमेन्सच्या जुन्या ईटी 200एस आयओ स्टेशनच्या काही इंटरफेस मॉड्यूलमध्ये (स्टेशनचा नेटवर्कला जोडणारा भाग), तिथे जुन्यातलं कार्ड नव्यात घातलं की झालं, फिटरही करतो. पण बऱ्याच डिव्हाइसना कार्डाचा स्लॉटच नसतो, म्हणून पूर्ण लाइनसाठी याच्या भरवशावर राहता येत नाही.

तिसरा मार्ग टोपोलॉजीचा, आणि मला खरा हाच आवडतो. प्रोजेक्टमध्ये कोणता पोर्ट कोणाला जोडलाय ते काढून ठेवायचं आणि सीपीयूच्या प्रोफिनेट इंटरफेसमध्ये कार्डाशिवाय डिव्हाइस बदलायचा पर्याय टिक करायचा. डिव्हाइस एलएलडीपी या प्रोटोकॉलने शेजाऱ्याला आपलं नाव आणि पोर्ट सांगत असतात, त्यावरून कंट्रोलर ओळखतो की अमक्याच्या पोर्ट 2 ला लागलेला हा बिननावाचा डबा म्हणजे आपलंच स्टेशन 5, आणि नाव स्वतः देतो. लॅपटॉप लागतच नाही.

मात्र याला शिस्त पाहिजे. केबल पोर्ट 1 ऐवजी 2 ला गेली की नाव मिळत नाही. मध्ये साधा अनमॅनेज्ड (काही सेटिंग करता न येणारा) स्विच असेल तर तो स्वतःची ओळखच सांगत नाही, साखळी तिथेच तुटते. आणि स्पेअर कोरा हवा. आमच्याकडे एकदा स्पेअर दुसऱ्या मशीनवर टेस्टला लावून परत कपाटात ठेवला होता, तिथलं नाव त्यात तसंच राहिलं, रात्री तो बसवला तर कंट्रोलर ढिम्म, अर्धा तास केबल बदलत बसलो. शेवटी फॅक्टरी रिसेट केला आणि थोड्याच वेळात दिवा हिरवा.

यावर उपाय म्हणून जुनं नाव पुसून नवीन लिहायची परवानगी देणारा पर्याय आहे, पण तो मी बंदच ठेवतो. तो चालू असताना कोणी दोन सारख्या ड्राइव्हच्या केबल अदलाबदल लावल्या तर नावंही अदलाबदल होतात, आणि मग कमांड एका मोटरला आणि फिरते दुसरीच.

तर चार-पाच डिव्हाइसचं छोटं मशीन, साधा स्विच, इंजिनिअर हाकेच्या अंतरावर, तर लॅपटॉपच बरा, टोपोलॉजी काढायचा खटाटोप नको. लांब लाइन, रात्री फक्त मेंटेनन्सचा माणूस, तर टोपोलॉजीच, आणि ती कमिशनिंगलाच (मशीन पहिल्यांदा चालू करताना) काढा, ऑनलाइन तुलना करून खरी जोडणी उचलून घेता येते, हाताने रेघा ओढायची गरज नाही. मशीन सोपवायच्या आधी एक डिव्हाइस मुद्दाम फॅक्टरी रिसेट करून बघा, आपोआप परत जोडलं गेलं तरच स्पेअरच्या कपाटावर 'लॅपटॉपची गरज नाही' असं लिहा. आणि त्याच्याखाली 'टेस्ट केलेला स्पेअर रिसेट करूनच ठेवणे', जाड मार्करने.