जुना ड्रायव्हर, नवा कर्नल: वॉर्निंग दाबायच्या, कोड दुरुस्त करायचा की जुन्याच कर्नलवर राहायचं?

लिनक्सवर जुनं पीसीआय कार्ड चालवताय, ड्रायव्हर कर्नलच्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेरचा, सोर्स आहे पण सांभाळणारं कोणी नाही, आणि नव्या कर्नलवर मेक करून तो कंपाइल केला की स्क्रीनभर वॉर्निंग. किती आल्या ते मोजत बसू नका, कुठल्या आल्या ते बघा, निर्णय त्यावरच होतो.

मेकफाइलमध्ये फ्लॅग टाकून वॉर्निंग बंद करणं सगळ्यात सोपं. न वापरलेलं व्हेरिएबल, मिसिंग प्रोटोटाइप (फंक्शन आधी जाहीर न करता लिहिलं की येते; ही कर्नल ६.८ पासून डिफॉल्टला चालू झालीय म्हणून एकदम ढीगभर दिसते) एवढंच असेल तर खुशाल करा. फॉलथ्रूची वॉर्निंग (एक केस संपून कोड तसाच पुढच्या केसमध्ये घुसतो तेव्हाची) मात्र आधी नजरेखालून घाला, स्विचमधला ब्रेक खरोखरच राहून गेलेला असू शकतो.

पॉइंटरची (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलची) वॉर्निंग आली तर हा रस्ता सोडाच. ६४ बिटवर पॉइंटर इंटमध्ये कोंबला की वरचे ३२ बिट गेले, ३२ बिटच्या मशीनवर तोच कोड वर्षानुवर्षं नीट चाललेला असतो. टायमरचं तर याहून वाईट, आधी कॉलबॅकला (टायमर वाजला की चालणाऱ्या फंक्शनला) अनसाइन्ड लाँग मिळायचा आणि त्यात लोक आपल्या डिव्हाइस स्ट्रक्चरचा पत्ता पाठवायचे, ४.१५ पासून थेट टायमरचाच पॉइंटर येतो. फंक्शन कास्ट करून कंपायलरला गप्प केलं तर मॉड्यूल बनतं, लोडही होतं, आणि टायमर फायर झाला की ड्रायव्हर भलत्याच मेमरीत लिहायला लागतो. मग डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ऊप्स, म्हणजे कर्नलच्या चुकीचा रिपोर्ट, दिसतो तो कुठल्यातरी तिसऱ्याच फंक्शनचा, आणि शोधणारा तिथेच खणत बसतो.

दुरुस्तीला वेळ जातो, पण वाटतो तेवढा नाही. कार्डची मेमरी ड्रायव्हरला जोडून देणारं आयओरीमॅप_नोकॅश ५.६ मध्ये गेलं, तिथे साधं आयओरीमॅप लिहिलं की झालं. पीसीआयची जुनी डीएमए (कार्डने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) फंक्शन्स ५.१८ मध्ये काढली, त्यांच्या जागी डीएमए_अलॉक_कोहेरंट येतं पण जीएफपी फ्लॅग (मेमरी कशी मागायची ते सांगणारा) आता तुम्हाला द्यावा लागतो, जुनं फंक्शन आतून ॲटॉमिकच (वाट न बघता मेमरी मागणारा) वापरायचं, त्यामुळे शंका असेल तिथे ॲटॉमिकच ठेवा. कर्नलमधल्या त्याच जातीच्या ड्रायव्हरचा गिट लॉग उघडा, तो बदल तिथे कसा केला ते आयतं सापडतं. एका वेळी एकाच प्रकारची वॉर्निंग काढा आणि दर वेळी हार्डवेअरवर चालवून बघा. माझं मत विचाराल तर कार्ड अजून कामाचं असेल तर हेच करा.

जुना कर्नल ठेवणं फक्त नेटवर्कला न जोडलेल्या मशीनवर ठीक. ४.१९ चा सपोर्ट डिसेंबर २०२४ ला संपला, ५.४ चा डिसेंबर २०२५ ला, पुढे सिक्युरिटी पॅच येणार नाहीत.

डिव्हाइस यूएसबी असेल आणि स्पीडची फार गरज नसेल तर लिबयूएसबी या लायब्ररीवर यूजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर साध्या प्रोग्रामसारखं, लिहिता येतं का तेही बघा, चूक झाली तर प्रोग्राम पडतो, अख्खं मशीन नाही.

आणि मॉड्यूल लोड होतानाच इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट म्हणत असेल तर कोडला हात लावू नका, बहुतेक वेळा ते दुसऱ्याच कर्नलच्या हेडर्सवर बिल्ड झालेलं असतं, मॉडइन्फो कमांड दाखवते ते व्हरमॅजिक (मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बनलं त्याची खूण) आणि चालू कर्नलचं व्हर्जन आधी जुळवून बघा.