लाईनीत हिस्सा घ्यावा की भाडं भरावं?

अमेरिकेतल्या भाच्याने विचारलं, मामा, आमच्या गावाची वीज नगरपालिकेची आहे, मग मोठ्या ट्रान्समिशन लाईनीत हिस्सा घेतलेला बरा की वापराचं भाडं?

पैशाचं बघ. भाड्यात सुरुवातीला काही घालावं लागत नाही, पण बिल कधी सुटत नाही आणि दर वाढला की भरायचाच. हिश्श्याला कर्ज काढावं लागतं. जॉर्जियात ४९ गावांची मिळून असलेली वीजसंस्था मीग पॉवर, तिने हेच केलंय, तिथली मोठी वीज कंपनी जॉर्जिया पॉवर धरून चौघांचं मिळून एक नेटवर्क, ज्याचा जेवढा लोड, म्हणजे विजेची मागणी, तेवढी गुंतवणूक, मग तार कोणाच्याही मालकीची असो, वीज आणा.

हक्काचं म्हणशील तर पूर्वी फार हाल होते रे. मिनेसोटातलं एल्बो लेक, इवलंसं गाव, ऑटर टेल कंपनीने त्यांची वीज आपल्या तारांवरून न्यायला साफ नकार दिला, शेवटी १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात कंपनी हरली. १९९६ च्या ऑर्डर ८८८ नंतर, म्हणजे तिथल्या केंद्रीय वीज नियामकाच्या आदेशानंतर, तारांची मालक कंपनी स्वतःला लावते त्याच अटी इतरांनाही. तरी नवी लाईन कुठे टाकायची यात भाडेकरूचं फारसं चालत नाही, आणि मला हे महत्त्वाचं वाटतं.

गाव एकटं, छोटं असेल तर भाडंच बरं. शेजारची गावं मिळून कर्ज उचलणार असतील आणि लोड वाढत असेल तर हिस्सा घ्या.